कायमस्वरूपी ध्वनियंत्रणेत स्पीकरची वायरिंग आणि नेटवर्किंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सभागृह, प्रार्थनास्थळ, शाळा किंवा मोठी इमारत, कुठेही कायमची ध्वनियंत्रणा बसवायची म्हटलं की स्पीकर कोणता आणि ॲम्प्लिफायर कोणता यावर भरपूर चर्चा होते. त्या दोघांमधल्या तारेचा विषय शेवटी निघतो, आणि तक्रारी येतात त्या बहुतेक तिथूनच. म्हणून या पानावर दोन आग्रह पुन्हा पुन्हा दिसतील. तार ओढण्याआधी हिशेब कागदावर करा, आणि छत बंद होण्याआधी प्रत्येक लाइन मीटरने मोजा. छत बंद झाल्यावर दोन मिनिटांची चूक शोधायला दोन दिवस जातात.

४ किंवा ८ ओहमची थेट जोडणी करावी की १०० व्होल्टची लाइन टाकावी?

स्पीकर थोडे, अंतर कमी आणि आवाजाचा दर्जा व जोर दोन्ही महत्त्वाचे असतील तर थेट जोडणी. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंचे मुख्य स्पीकर आणि सबवूफर नेहमी असेच जोडावेत. स्पीकर पुष्कळ, अंतर लांब आणि काम मुख्यतः घोषणा, भाषण किंवा मंद संगीताचं असेल तर १०० व्होल्ट लाइन.

लाइनमागचं तत्त्व वीज वाहून नेण्याचंच आहे. व्होल्टेज वाढवलं की तेवढ्याच वॅटसाठी प्रवाह कमी लागतो. २०० वॅट ४ ओहमच्या लोडला (ॲम्पला जोडलेल्या स्पीकरच्या भाराला) द्यायचे तर सुमारे ७ अँपिअर वाहतात, १०० व्होल्टवर फक्त २. तारेतलं नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढतं, त्यामुळे हा फरक फार मोठा ठरतो. प्रत्येक स्पीकरवरचा छोटा ट्रान्सफॉर्मर ते व्होल्टेज पुन्हा खाली आणतो. उत्तर अमेरिकेत १०० ऐवजी ७०.७ व्होल्टची पद्धत आहे, तत्त्व तेच.

१०० व्होल्ट लाइनला दर्जाच नसतो, असं मात्र मानू नका. चांगला ट्रान्सफॉर्मर असलेला स्पीकर संगीतही उत्तम वाजवतो. मर्यादा आहे ती खालच्या बासची. कमी फ्रिक्वेन्सीला ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्त होतो, आवाज फाटतो आणि ॲम्पला तो लोड जवळजवळ शॉर्टसारखा दिसू लागतो. म्हणून अशा लाइनवर ५० ते ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर (खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लावल्याशिवाय यंत्रणा सुरू करू नये.

१०० व्होल्ट लाइनवर किती स्पीकर जोडता येतात?

संख्येला मर्यादा नाही, टॅपच्या बेरजेला आहे. टॅप म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरची, स्पीकरने किती वॅट घ्यायचे ते ठरवणारी जोडणी. सगळ्या स्पीकरच्या निवडलेल्या टॅपचे वॅट मिळवा आणि ती बेरीज ॲम्पच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा. समजा छतात २४ स्पीकर आहेत आणि प्रत्येक ६ वॅटवर. बेरीज १४४ वॅट, म्हणजे ॲम्प किमान १८० वॅटचा हवा. पुढे कोणीतरी आणखी चार स्पीकर वाढवणारच, तेव्हा २४० वॅटचा घेतलात तर शहाणपणाचं होईल.

याच बेरजेतून लाइनचा इम्पीडन्सही, म्हणजे एसी सिग्नलला होणारा एकूण विरोध, निघतो. १०० चा वर्ग, म्हणजे १०,०००, भागिले एकूण वॅट. वरच्या उदाहरणात १०,००० भागिले १४४, साधारण ६९ ओहम. हा आकडा नकाशावर लाइनच्या नावाशेजारी लिहून ठेवा. तपासणीच्या दिवशी त्याचीच गरज पडते.

टॅप लावताना सर्वांत जास्त कोणत्या चुका होतात?

दोन. पहिली म्हणजे ७० आणि १०० व्होल्टच्या खुणांची गल्लत. अनेक स्पीकरवर दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. ७० व्होल्टच्या रांगेतला ६ वॅटचा टॅप १०० व्होल्टवर लावला तर तो १२ वॅट ओढतो. पूर्ण लाइन अशी लागली तर ॲम्पवर दुप्पट भार पडतो.

दुसरी जास्त घातक. टॅप निवडायच्या चकतीवर बहुधा एक स्थान "८ ओहम" असं असतं, तिथे ट्रान्सफॉर्मर बाजूला होतो. २४ पैकी एकच स्पीकर तिथे राहिला तरी १०० व्होल्टच्या लाइनवर थेट ८ ओहम पडतात, म्हणजे हिशेबाने १,२५० वॅटची मागणी. ॲम्प संरक्षणात जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो, किंवा तो स्पीकर जळतो. स्पीकर वर चढवण्याआधी, जमिनीवर असतानाच, प्रत्येकाची चकती डोळ्यांनी पाहा आणि पेट्यांवर खूण करा.

मल्टिमीटर लावला तर लाइन शॉर्ट दाखवतो. खरंच शॉर्ट आहे का?

बहुधा नाही. मल्टिमीटर डीसी रोध मोजतो, आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक गुंडाळीचा डीसी रोध मुळातच कमी असतो. असे अनेक स्पीकर समांतर आले की आकडा काही ओहमांवर येतो आणि माणूस घाबरतो. लाइन मोजायला इम्पीडन्स मीटर लागतो, जो १ किलोहर्ट्झसारख्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडून मोजतो. ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांनी हा मीटर घेतलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही.

मोजलेला आकडा हिशेबाच्या जवळ आला तर ठीक. ६९ च्या जागी ४० आला तर लाइन २५० वॅट ओढते आहे, म्हणजे टॅप चुकले आहेत. ८ च्या खाली आला तर वर सांगितलेली चकती आठवा. पण मीटरही सगळं सांगत नाही. २४ पैकी एक स्पीकर सुटला तर आकडा ६९ वरून ७२ च्या आसपास जातो, आणि एवढा फरक मीटरच्या अचूकतेतच बुडून जाऊ शकतो. म्हणून मोजून झाल्यावर मंद आवाजात पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला खसखसता चाचणी-आवाज) लावून प्रत्येक स्पीकरखालून चालत जायचं. त्यासाठी दुसरी कोणतीही युक्ती नाही.

८ ओहमचा साधा स्पीकर मात्र मल्टिमीटरवर साधारण ६ ओहम दाखवतो, ते बरोबर आहे.

केबल किती जाड हवी?

हा प्रश्न अंदाजावर सोडू नका, गणित सोपं आहे. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७२ ओहम. प्रवाह जातो आणि परत येतो, म्हणून अंतर दुप्पट धरायचं. जाण्या-येण्याचा एकूण रोध लोडच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवला तर पातळी ०.४ डेसिबलच्या आसपास घसरते, आणि ती चालते.

८ ओहमच्या स्पीकरसाठी या नियमाने १.५ चौरस मिलिमीटरची केबल १७ मीटरपर्यंत, २.५ ची २९ मीटरपर्यंत आणि ४ ची ४६ मीटरपर्यंत नेता येते. लोड ४ ओहमचा असेल तर ही अंतरं निम्मी. आता तीच १.५ ची केबल १४४ वॅटच्या १०० व्होल्ट लाइनवर घ्या. सगळा भार अगदी टोकाला धरला तरी ती १५० मीटर जाते. लांब पल्ल्याला लाइन का वापरतात ते इथे दिसतं.

सबवूफरसाठी थोडं जास्त कडक राहावं. ॲम्पच्या माहितीपत्रकात डॅम्पिंग फॅक्टर (कोनाच्या हालचालीवर ॲम्पचा ताबा दाखवणारा आकडा) कित्येक शेकड्यांत लिहिलेला असतो, पण मध्ये अर्ध्या-पाऊण ओहमाची तार आली की ८ ओहमच्या स्पीकरपाशी तो दहा-पंधरावर येतो. मोठा आकडा पाहून ॲम्प घ्यायचा आणि बारीक तार ओढायची, याला अर्थ नाही. ॲम्पचा रॅक स्पीकरच्या जवळ नेणं हा पुष्कळदा जाड केबलपेक्षा चांगला उपाय असतो.

महागडी खास ऑडिओ केबल घेतली तर आवाज सुधारतो का?

नाही. पुरेशा जाडीची, शुद्ध तांब्याची, दोन तारा एकमेकींना पिळलेली आणि इमारतीच्या आगविषयक नियमांत बसणारी केबल घ्या. पैसे वाचले तर ते जाडीवर घाला.

खबरदारी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टीची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या नावाखाली येते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा दीडपटीहून अधिक, ती ठिसूळ असते आणि स्क्रूखाली हळूहळू सैल पडते. नेटवर्क केबलमध्येही हाच माल येतो. तिच्यावरून स्पीकरला वीज दिली तर तारा तापतात, आणि केबलिंगची मानकं ती मान्यच करत नाहीत. रीळ हातात आलं की टोक सोलून चाकूने खरवडा. आतून चंदेरी निघाली तर परत पाठवा.

एका चॅनेलवर ८ ओहमचे किती स्पीकर चालतील? सीरिजमध्ये जोडले तर?

समांतर दोन स्पीकर म्हणजे ४ ओहम, चार म्हणजे २ ओहम. ॲम्पवर किमान ४ ओहम लिहिलं असेल तर दोनवर थांबा. २ ओहमला चालणारा ॲम्प असला तरी कायमच्या जोडणीत मी तिथपर्यंत जात नाही. ॲम्प जास्त तापतो आणि तारेतलं नुकसान दुप्पट होतं.

सीरिज शक्यतो टाळा. एक स्पीकर बंद पडला की सगळी साखळी गप्प होते, आणि वेगवेगळ्या प्रकारचे स्पीकर असतील तर एकाचा बदलता इम्पीडन्स दुसऱ्याचा आवाज बिघडवतो. चार एकसारखे स्पीकर दोन-दोन सीरिज करून समांतर जोडले तर लोड पुन्हा ८ ओहम येतो, एवढं एक मांडणी म्हणून चालतं.

दोन चॅनेलच्या ऋण तारा एकत्र केल्या तर एक तार वाचेल ना?

अजिबात करू नका. पुष्कळ ॲम्पमध्ये, विशेषतः डी-क्लासमध्ये, आतली रचना ब्रिज पद्धतीची (स्पीकरची दोन्ही टोकं चालवणारी) असते आणि ऋण टोकावरही सिग्नल असतो. ते टोक जमिनीशी किंवा दुसऱ्या चॅनेलच्या ऋणाशी जोडलं की थेट बिघाड. ॲम्पचे दोन चॅनेल एका स्पीकरसाठी ब्रिज करून वापरत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. ८ ओहमचा स्पीकर प्रत्येक चॅनेलला ४ ओहमसारखा दिसतो.

पोलॅरिटी (धन-ऋण जोडणी) उलटी झाली तर कसं ओळखायचं?

एकटा स्पीकर ऐकून कळत नाही. शेजारचे दोन स्पीकर परस्परांच्या उलट असतील तर त्यांच्या मधोमध उभं राहिल्यावर बास गायब होतो आणि आवाज कुठून येतोय तेच समजत नाही. छतातल्या लाइनवर मधले पाच-सहा उलटे असतील तर हॉलमध्ये "इथे चांगलं, तिथे पोकळ" अशी तक्रार येते. मग लोक इक्वलायझर फिरवत बसतात आणि दोष तारेत राहतो.

सर्वांत चांगला उपाय पोलॅरिटी टेस्टर, जो ठोका सोडतो आणि माइकने दिशा वाचतो. साध्या वूफरसाठी १.५ व्होल्टचा सेलही पुरतो. धन टोकाला धन लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. ट्विटर किंवा हॉर्नच्या ड्रायव्हरवर ही युक्ती वापरू नका. त्यापेक्षाही बरं म्हणजे चूक होऊच न देणं. संपूर्ण इमारतीत धन तारेचा रंग एकच ठरवा, तो रॅकच्या दारावर लिहा आणि कोणालाही बदलू देऊ नका.

स्पीकॉन कनेक्टरच्या चार टोकांपैकी कोणती वापरायची?

साध्या स्पीकरला १ धन आणि १ ऋण. खालचा आणि वरचा भाग वेगळ्या ॲम्पवर असेल तर बहुतेक ठिकाणी खालचा १ वर आणि वरचा २ वर असतो, पण उत्पादकाचं पान पाहिल्याशिवाय जोडू नका. काही सबवूफर २ च्या जोडीवर वाजतात. केबल १ च्या जोडीवर असेल तर सगळं ठीक दिसूनही आवाज येत नाही.

स्क्रूच्या पट्टीत उघड्या तारांचे केस सोडू नका, फेरूल (टोकावर बसणारी धातूची नळी) दाबून घाला. आणि स्पीकरच्या तारेला आरजे-४५ कनेक्टर कधीही लावू नका. कोणीतरी ती एक दिवस नेटवर्क स्विचमध्ये घालेल.

सतत घूंऽऽ असा आवाज येतो. अर्थिंग काढून टाकलं तर थांबतो. तसंच ठेवू का?

नाही, एक दिवसही नाही. ते अर्थिंग माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे. उपकरणात बिघाड झाला तर त्याचा पत्रा विजेच्या दाबावर जाईल आणि पहिला हात लावणारा माणूस दगावू शकेल.

घूं आवाज विजेच्या फ्रिक्वेन्सीचा, ५० किंवा ६० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा असतो. दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये थोडा दाबफरक पडतो आणि सिग्नल केबलच्या कवचातून प्रवाह वाहू लागतो. उपाय सिग्नलच्या बाजूला करायचे. जोडणी बॅलन्स्ड (दोन सिग्नल तारा आणि वेगळं कवच असलेली) ठेवा: एक्सएलआर कनेक्टरची पिन १ कवच, २ धन, ३ ऋण. कवच उपकरणाच्या पत्र्याला जोडलेलं असावं, आतल्या सर्किटच्या ग्राउंडला नव्हे, हे ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या एईएस ४८ या मानकात सांगितलेलं आहे. तरीही आवाज राहिला तर सिग्नल आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला. ध्वनीच्या सगळ्या उपकरणांना वीज एकाच वितरण पेटीतून द्या. माइकच्या आणि स्पीकरच्या तारा एका पाइपात घालू नका, आणि विजेच्या तारा ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडा.

नेटवर्कवरून आवाज नेण्याच्या पद्धती कोणत्या? कोणती निवडावी?

आज प्रामुख्याने तीन नावं ऐकू येतात. दांते ही ऑडिनेट या ऑस्ट्रेलियन कंपनीची पद्धत, साध्या आयपी नेटवर्कवर चालते आणि सर्वाधिक उपकरणांत मिळते. एव्हीबी ही आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेची मानकं, आणि त्यावर आधारलेलं मिलान. यात बँडविड्थ आधीच राखून ठेवलेली असते, पण स्विचही एव्हीबीचेच लागतात. एईएस ६७ हे २०१३ साली प्रसिद्ध झालेलं मानक वेगवेगळ्या पद्धतींना एकमेकांशी बोलता यावं म्हणून आहे. ते उपकरणं शोधण्याची किंवा सांभाळण्याची सोय ठरवून देत नाही.

निवड करताना तुमच्या इमारतीत आधीपासून काय आहे आणि देखभाल करणाऱ्याला काय येतं, हे आधी पाहा. कागदावर श्रेष्ठ पण कोणालाच दुरुस्त न करता येणारी यंत्रणा निरुपयोगी.

नेटवर्कमुळे आवाज उशिरा येईल का?

येतो, पण किती ते पाहा. दांतेत ०.२५ ते ५ मिलिसेकंद अशी निवड असते, बहुधा १ मिलिसेकंद ठेवतात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे श्रोता खुर्ची थोडी मागे सरकवून बसल्यासारखं.

काळजीची जागा दुसरी आहे. एकाच खोलीत काही स्पीकर नेटवर्कवर आणि काही थेट ॲनालॉगवर असतील तर दोन्हींचा आवाज मिसळतो. १ मिलिसेकंदाच्या फरकाने ५०० आणि १,५०० हर्ट्झला खड्डे पडतात, नेमके बोलण्याच्या पट्ट्यात. लवकर येणाऱ्या मार्गावर तेवढाच डिले घाला.

ऑफिसच्या नेटवर्कवरच ध्वनी चालवता येईल का?

येतं, पण स्विचची मांडणी हातात असेल तरच. नसेल तर वेगळे स्विच घ्या, किंवा किमान वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं आभासी नेटवर्क). चार गोष्टी प्रत्येक वेळी तपासा.

वीज वाचवणारं इथरनेट, म्हणजे ८०२.३ एझेड, बंद करा. पोर्ट झोपी गेला की घड्याळाचे (उपकरणांची वेळ एकसारखी ठेवणारे) संदेश उशिरा पोचतात आणि मध्येच टिक-टिक ऐकू येते. क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे महत्त्वाचे संदेश आधी सोडण्याची सोय, सुरू करा. दांतेत घड्याळाला डीएससीपी (संदेशावरचा प्राधान्याचा आकडा) ५६ आणि आवाजाला ४६, याच क्रमाने प्राधान्य. वाय-फायवरून नियंत्रण चालेल, दांतेचा आवाज नाही.

चौथी गोष्ट मल्टिकास्टची, आणि सगळ्यात जास्त गोंधळ हीच घालते. मल्टिकास्ट (एकच प्रवाह एकाच वेळी अनेक उपकरणांना) वापरत असाल तर आयजीएमपी स्नूपिंग (तो कोणत्या पोर्टला हवा हे स्विचने पाहणं) लागतं, नाहीतर तो प्रवाह प्रत्येक पोर्टवर जातो. पण स्नूपिंग सुरू केलं आणि क्वेरियर (प्रवाह कोणाला हवा ते वेळोवेळी विचारणारा स्विच) ठरवलाच नाही, तर सुरुवातीला सगळं चालतं आणि मग आवाज जातो. नेहमीच्या मांडणीत स्विच गटाची सदस्यता २६० सेकंदांनी विसरतो. सव्वाचार-साडेचार मिनिटांनी आवाज तुटत असेल तर केबल बदलत बसू नका, क्वेरियर शोधा. तो एकाच स्विचवर ठेवा.

नेटवर्क केबलवरूनच वीज घेणारे स्पीकर चांगले का?

लहान खोल्यांसाठी फार सोयीचे. पण आकडे नीट वाचा. केबलवरून वीज देण्याच्या ८०२.३ एएफ मानकात स्विच १५.४ वॅट सोडतो आणि उपकरणाला १२.९५ मिळतात. एटीमध्ये ३० पैकी २५.५. बीटीमध्ये स्विचकडून ९० वॅटपर्यंत. स्विचची एकूण क्षमताही पाहा. २४ पोर्ट आणि ३७० वॅट असा स्विच असेल तर ३० वॅटचे फक्त १२ पोर्ट पूर्ण भरता येतात.

१०० मीटरपेक्षा लांब जायचं असेल तर?

फायबर. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर, त्यातले ९० भिंतीतले आणि १० पॅच केबलचे. गिगाबिटला मल्टिमोड फायबर ५५० मीटरपर्यंत जाते, त्याहून लांब सिंगल-मोड. दोन इमारतींमध्ये तर अंतर कमी असलं तरी फायबरच टाका. दोन्हींकडचं अर्थिंग वेगळं असतं, वीज कोसळली तर तांब्याची केबल ती थेट रॅकपर्यंत आणते.

एक केबल तुटली तर सगळं बंद पडू नये म्हणून काय करावं?

दांतेच्या प्रायमरी आणि सेकंडरी पोर्टना दोन वेगळे स्विच द्या, केबलही वेगळ्या वाटांनी न्या आणि ही दोन जाळी कुठेही एकमेकांना जोडू नका. १०० व्होल्ट लाइनवर जुना आणि खात्रीचा उपाय आहे: दोन लाइन ओढून छतातले स्पीकर एकाआड एक त्यांच्यावर जोडा. एक लाइन गेली तरी हॉलच्या प्रत्येक कोपऱ्यात आवाज राहतो.

याच स्पीकरवरून आगीची सूचना द्यायची असेल तर?

मग ही नुसती ध्वनियंत्रणा राहत नाही आणि स्थानिक अग्निसुरक्षेचे नियम सर्वांत वर येतात. युरोपीय मानकांत स्पीकरसाठी ईएन ५४-२४ आणि नियंत्रक उपकरणांसाठी ईएन ५४-१६ आहे. अशा स्पीकरमध्ये चिनी मातीची टर्मिनल आणि थर्मल फ्यूज असतो. एक स्पीकर जळाला तरी त्याने पूर्ण लाइन शॉर्ट करू नये, यासाठी. केबल आगीत टिकणारी आणि लाइनवर सतत निगराणी हवी. इथे काटकसर करू नका.

ॲम्प वारंवार संरक्षणात जातो. शोध कुठून सुरू करू?

आधी ॲम्प बंद करा. मोठ्या आवाजात १०० व्होल्टच्या लाइनला हात लागला तर जोरदार झटका बसतो. मग ॲम्पच्या मागच्या तारा काढा आणि काहीही न जोडता सुरू करून पाहा. तरी संरक्षणात गेला तर दोष ॲम्पमध्ये. नाहीतर लाइनचा इम्पीडन्स मोजा आणि नकाशावर लिहिलेल्या आकड्याशी ताडा. कमी भरला तर मधल्या जंक्शन बॉक्सपाशी लाइन तोडून दोन्ही अर्धे वेगळे मोजा. ज्या बाजूला दोष आहे तिचे पुन्हा दोन भाग करा. २४ स्पीकरच्या लाइनवर चार-पाच मोजण्यांत तुम्ही नेमक्या स्पीकरखाली पोचता. इम्पीडन्स बरोबर असेल आणि तरीही मोठ्या आवाजातच ॲम्प थांबत असेल तर हाय-पास फिल्टर लावला आहे का ते पाहा. तोही असेल तर दोन्ही तारांपैकी प्रत्येकीचा अर्थिंगशी संबंध मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासा. त्यासाठी ॲम्प आणि लाइनवरची इलेक्ट्रॉनिक उपकरणं आधी सुटी करा. पत्र्याच्या धारेवर खरवडलेली केबल तिथेच सापडते.